तक्रार पत्र: ७९९ रुपये घेतले, बर्फाचा मॅप दिला नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: विक्रीतून काढलेल्या रेसिंग गेमच्या डीएलसीचे (म्हणजे गेमला जोडून वेगळा विकत घ्यायचा भाग, इथे बर्फाचा मॅप) पैसे घेऊन माल न देणे, आणि आज सकाळी फोनवर मिळालेली वागणूक

महोदय,

आज सकाळी ११.०५ ला तुमच्या माणसाने फोन ठेवला. ‘आणखी काही मदत करू शकतो का, सर?’ असं विचारलं आणि मी ‘हो’ म्हणायच्या आत ठेवला. म्हणून हे पत्र.

गेम कोणता, डीएलसी कोणता, हे सांगण्यात वेळ घालवत नाही. गेम तुमचा, स्टोअर तुमचं, नोटीस तुमची.

१४ मेच्या रात्री १०.५२ ला माझ्या खात्यातून ७९९ रुपये गेले. बँकेचा मेसेज त्याच मिनिटाचा आहे. १०.५३ ला आमच्याकडे लाइट गेली. वादळ होतं, रावेर-यावलकडे त्या रात्री केळीच्या बागा आडव्या झाल्या, तिथे माझ्या लाइटचं काय घेऊन बसलात. पण हा एक मिनिट लक्षात ठेवा. आधी पैसे गेले, मग लाइट गेली. तुमचा प्रत्येक माणूस मला हे उलटं करून सांगतो.

पावणेबाराला लाइट आली तेव्हा ऑर्डर ‘प्रलंबित’ दिसत होती. सकाळी साडेसहाला ड्युटीवर निघण्याआधी पाहिलं तर ‘ही वस्तू उपलब्ध नाही’. पैसे मात्र तुमच्याकडे उपलब्ध होते.

तुमच्या नोटिशीत होतं की १५ मे रोजी गेम आणि त्याचे सगळे डीएलसी डिजिटल विक्रीतून काढले जातील. किती वाजता, कोणत्या देशाच्या घड्याळाने, एक अक्षर नाही. मी रेल्वेत नोकरी करतो. १४ तारखेच्या रात्री बारा दहाची गाडी म्हणजे १५ तारखेची गाडी, हे भुसावळ जंक्शनवरच्या चहावाल्यालाही कळतं. चुकीच्या तारखेचं तिकीट घेऊन फलाटावर भांडणारा प्रवासी आम्ही दर आठवड्याला एक तरी बघतो. तो माणूस आपण होऊ नये म्हणून मी मुद्दाम आदल्या रात्रीच बसलो. मी पैसे भरले तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे ६.२२ झाले होते आणि कॅलिफोर्नियात १४ तारखेची सकाळ होती. जपान-ऑस्ट्रेलियात १५ तारीख लागली होती, कबूल. पण मी पैसे रुपयांत दिले होते.

गेम का काढला, यावर माझी तक्रार नाही. पहिल्या फोनवर तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलीने मला ते दहा मिनिटं समजावलं, जणू मी विचारलंच होतं. गाड्यांची नावं, त्यांचे आकार, गाणी, सगळं करारावर घेतलेलं असतं, कराराची मुदत संपली की विक्री बंद करावी लागते. माहीत आहे. २०१८ साली आलेला ‘फोर्झा होरायझन ४’ हा रेसिंग गेम डिसेंबर २०२४ मध्ये असाच विक्रीतून गेला, पण ज्यांनी घेतला होता त्यांच्याकडे तो राहिला. ‘द क्रू’ या रेसिंग गेमचं तर ३१ मार्च २०२४ ला सर्व्हरच बंद केलं, डिस्क हातात असलेल्यांच्याही गाड्या थांबल्या. तुम्ही निदान तसं केलं नाही, याबद्दल मी आभार मानावेत असा तिचा एकंदर सूर होता.

आमच्याकडे शेत नफ्याने, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी पैसे घेऊन कसायला देतात. मुदत संपली की शेत मालकाचं, त्यात वाद नाही. पण मुदत संपायच्या आदल्या दिवशी व्यापाऱ्याने केळीचा सौदा केला, पैसे मोजून दिले, तर दुसऱ्या दिवशी त्याला कुणी असं नाही सांगत की नफा काल रात्री संपला, घड मिळणार नाहीत, पैसे आमच्याकडेच राहू द्या, पुढच्या वर्षी दुसऱ्या शेतातले घ्या. असं सांगणारा माणूस बाजारात पुन्हा उभा राहू शकत नाही.

आता तो मॅप मला का हवा होता तेही ऐका, कारण तुमच्या माणसाला हाच प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. माझा भाचा सुरतला असतो. शनिवारी रात्री दहाला आम्ही दोघं तुमच्या गेममध्ये भेटतो. पोरगं एरवी फोनवर ‘हां मामा, हूं मामा’ याच्यापुढे जात नाही. गाडी चालवताना मात्र कॉलेजचं, मेसच्या जेवणाचं, बापाशी झालेल्या भांडणाचं सगळं सांगतो. त्याच्याकडे बर्फाचा मॅप आहे, माझ्याकडे नाही. तो गोठलेल्या तळ्यावर गाडी आडवी घालतो, मला बोलावणं पाठवतो, मी ते दाबतो आणि माझ्या पडद्यावर पिवळं कुलूप येतं. ‘मामा, या ना बर्फावर,’ असं तो दीड वर्ष म्हणतोय. आज घेऊ, उद्या घेऊ करत राहिलो, ती चूक माझी. त्यातच तुमची नोटीस आली. भुसावळला मेमध्ये पारा ४५ च्या पुढेही जातो. इथे बर्फ फक्त रसवंतीवर पाहायला मिळतो, गोणपाटात गुंडाळलेला. म्हटलं, एवढे ७९९ रुपये खर्च करू.

पहिला फोन १५ मेला. उत्तर: ४८ तास थांबा. दुसरा १८ ला. उत्तर: बँकेला विचारा. बँकेने यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर) काढून दाखवला की रक्कम तुमच्या खात्यात त्याच रात्री जमा झाली आहे. तिसरा २१ ला, तेव्हा तुमच्या माणसाने तो नंबर लिहून घेतला. पुढचा आठवडा काहीच नाही. २७ ला मेल आला की ‘तुमची समस्या सोडवण्यात आली आहे’. कशी सोडवली? ७९९ रुपये तुमच्याच वॉलेटमध्ये टाकले. तुमच्याच दुकानात चालणारे, ९० दिवसांत संपणारे, आणि ज्या वस्तूसाठी दिले होते ती सोडून बाकी कशालाही वापरता येणारे.

तत्काळचं तिकीट काढताना पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, तर पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात. तिथे कुणी प्रवाशाला सांगत नाही की तुमच्या पैशाचे आम्ही वडापाव ठेवलेत.

आता आजचं. २३ मिनिटं होल्डवर ठेवलं. त्या २३ मिनिटांत तुमच्या नव्या गेमची जाहिरात मी इतक्यांदा ऐकली की ती मला पाठ आहे. मग माणूस आला. बोलणं हिंदीत झालं कारण मराठीसाठी दाबायला बटणच नव्हतं. मराठीत लिहितो, शब्द त्याचेच.

‘सर, तुमची ऑर्डर १५ तारखेला कॅन्सल झाली आहे.’

‘मी पैसे १४ ला भरले.’

‘हो सर, पण ऑर्डर १५ ला कॅन्सल झाली.’

‘कॅन्सल कुणी केली?’

‘सिस्टिमने, सर.’

‘सिस्टिम कुणाची?’

इथे तो थोडा थांबला. मग म्हणाला, ‘मी तुमच्या भावना समजू शकतो, सर.’ मी म्हटलं भावना राहू द्या, नंबर लिहा, तोच नंबर जो २१ तारखेला लिहून घेतला होता. तो म्हणाला, त्यांच्या पडद्यावर तो दिसत नाही. मी पुन्हा सांगितला. बारा आकडे. त्याने लिहिले की नाही देव जाणे, कीबोर्डचा आवाज आला नाही.

मग त्याने विचारलं, ‘सर, हा मॅप तुम्ही याआधी खेळला होता का?’

‘नाही. तोच तर विकत घेत होतो.’

‘मग सर, तुमचं तसं काही नुकसान झालेलं नाही. जे तुमच्याकडे होतं ते सगळं तुमच्याकडे आहे.’

फोन स्पीकरवर होता. बायको शेवभाजीचा मसाला वाटत होती, तिने मिक्सर बंद केला. तिला गेममधलं ओ का ठो कळत नाही, तरी तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्या माणसाला म्हटलं, दादा, तुमचं पुन्हा एकदा म्हणा. आणि त्याने म्हटलं! त्याच सुरात, शब्द न बदलता. जे खेळलोच नाही ते गमावलं कसं, असा त्याचा हिशोब. या हिशोबाने तुमचा पगार एक तारखेला झाला नाही तर तुमचंही नुकसान शून्य, कारण तो तुमच्याकडे आधी कुठे होता?

एवढ्यावर थांबला असता तरी मी सोडून दिलं असतं. त्याने पुढे विचारलं, ‘सर, गेम मुलासाठी घेत होतात का?’

‘नाही. माझ्यासाठी.’

‘तुमचं वय, सर?’

‘४७.’

शांतता. मग ‘ओके, सर.’

त्या ‘ओके, सर’चं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणार, कारण गुणवत्तेसाठी कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्ही सुरुवातीलाच सांगता. कृपया काढून ऐका. माझ्या खात्याची माहिती त्याच्यासमोर उघडी होती. १,१०० तासांपेक्षा जास्त वेळ मी तुमच्या गेममध्ये गाडी चालवली आहे, तेही तिथे लिहिलेलं असतं. त्यात वयाचा रकाना कुठे लागतो ते मला कळवा.

आणि शेवटी त्याने माझ्यावर मेहेरबानी केली. ‘सर, तुम्ही आमचा नवीन गेम घ्या. त्यातही बर्फ आहे.’

त्यातही बर्फ आहे. नवा गेम ४,९९९ रुपयांना. वॉलेटमधले ७९९ वजा जाता मी आणखी ४,२०० भरायचे, म्हणजे माझे अडकलेले ७९९ ‘वसूल’ होतील. आणि भाचा? त्यानेही ४,९९९ भरायचे, कारण तो जुन्या बर्फावर आहे आणि मी नव्या बर्फावर असेन. हे मी तुमच्या माणसाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आणखी काही मदत करू शकतो का, सर.

आमच्या शेडमधला एक मित्र म्हणतो, भो, आठशे रुपयांसाठी किती डोकं लावशील? आठशे नाही, ७९९. आणि मुद्दा तोच आहे जो मी आता पाचव्यांदा सांगतोय: १४ तारखेला १०.५२ ला पैसे तुमच्याकडे आले होते. विक्री चालू होती म्हणूनच तुमच्या पडद्याने क्यूआर कोड दाखवला. विक्री बंद असती तर दाखवला नसता.

‘तो मॅप आता अस्तित्वात नाही’ असं २१ तारखेला तुमच्याच माणसाने सांगितलं होतं. भाच्याला मी तो डिलीट करून पुन्हा डाउनलोड करायला लावला. उतरला. फोटो सोबत आहे. म्हणजे फाइल तुमच्या सर्व्हरवर आहे, सर्व्हर चालू आहे, फक्त दुकानाची फळी लावली आहे. आणि गंमत बघा, माझ्या गेममध्ये नकाशाच्या कोपऱ्यात त्या बर्फाच्या बेटाकडे जाणारं विमान अजूनही चमकतंय. दाबलं की ‘आता खरेदी करा’. पुन्हा दाबलं की ‘ही वस्तू उपलब्ध नाही’. दुकानातून काढायला तुम्हाला एक रात्र पुरली, जाहिरात काढायला पंधरा दिवस पुरले नाहीत.

त्या ‘खरेदी करा’ शब्दावरूनही एक सांगतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की डिजिटल मालाचा फक्त वापरायचा परवाना देत असाल तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ शब्द वापरायचा नाही. युरोपात गेम असे मारून टाकू नका म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मी तर तुमच्याकडे परवानाच मागतोय. तोसुद्धा पैसे घेऊन दिला नाहीत.

२००६ साली ट्रेनिंगसाठी मुंबईला गेलो होतो, तेव्हा तुमच्या जुन्या गेमची ओरिजिनल सीडी घेतली होती. त्या काळात कॉपी केलेली पन्नास रुपयांत मिळायची आणि मित्रांनी मला वेड्यात काढलं होतं. त्या सीडीवर ओरखडे आहेत, कव्हर फाटलंय, पण जुन्या कॉम्प्युटरवर ती अजून चालते. चालू होण्याआधी माझं वय विचारत नाही. वीस वर्षं तुमच्या गाड्या चालवतोय. खऱ्या आयुष्यात स्कूटर आहे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. माझी पहिली तक्रार १५ मेची आहे, १५ जूनला महिना होतो. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन, आणि मग जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. भुसावळहून जळगाव गाडीने अर्धा तास, माझ्याकडे पास आहे. तुमच्या वकिलाला मात्र लांबून यावं लागेल, आणि जूनमध्येही इथे ऊन असतं. वकील आला तर त्याच्या उन्हाचं आम्ही पाहू, तुम्ही फक्त ७९९ चं पाहा.

मागणी एकच आहे. माझ्या खात्यावर तो मॅप उघडा. भाच्याचा उघडतो तसा माझा उघडायला तुम्हाला एक कुलूप काढायचं आहे. ते जमत नसेल तर ७९९ रुपये ज्या खात्यातून घेतले त्या खात्यात पाठवा. वॉलेटमध्ये नाही. आणि नकाशावरचं ते विमान काढा.

एक ग्राहक
भुसावळ, जि. जळगाव

सोबत: नोटिशीचा स्क्रीनशॉट, बँकेचा १०.५२ चा मेसेज, यूटीआर नंबर (पुन्हा), भाच्याच्या पडद्याचा फोटो.

ता. क. फोन करू नका. लिहून कळवा.