क्षने भागण्याआधी थांबायला शिकवणाऱ्या काकांना
आदरणीय काका,
सादर नमस्कार.

१७ नंबरचा फॉर्म भरून वयाच्या ३८व्या वर्षी मी दहावीला बसले, तेव्हा बीजगणित आपल्याला जमणार नाही असे मी धरूनच चालले होते. नौपाड्यातल्या आपल्या इमारतीच्या जिन्यात तुम्ही सहज 'अभ्यास कुठवर आला?' असे विचारले नसते, तर ते तसेच राहिले असते.

३क्ष + ७ = २२ हे समीकरण मी बरोबर सोडवले होते, पण ७ पलीकडे जाताना उणे का होतो, हे मला सांगता आले नाही. 'सात कुठेही जात नाही, तो दोन्ही बाजूंतून वजा होतो,' असे म्हणून पुस्तकात गाळलेली ती मधली ओळ तुम्ही महिनाभर माझ्याकडून लिहून घेतलीत.

खरी फजिती क्ष² = ५क्ष या समीकरणात झाली. दोन्ही बाजूंना क्षने भागून मी ५ हे उत्तर काढले, ताळाही केला, २५ बरोबर २५ आले. चहाचा कप खाली ठेवून तुम्ही एवढेच विचारलेत, 'आणि क्ष शून्य असेल तर?' शून्यही बसत होते. शून्याने भागता येत नाही हे ठाऊक असूनही मी न पाहता भागले होते आणि एक मूळ गमावले होते. इ.स. ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडणाऱ्या ब्रह्मगुप्तांनीही शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे लिहिले होते, हे तुम्ही सांगितलेत, तेव्हा (कबूल करते) जरा बरे वाटले. मग सगळी पदे एका बाजूला घेऊन क्ष(क्ष − ५) = ० असे अवयव पाडले आणि दोन्ही उत्तरे मिळाली.

क्ष² − ५क्ष + ६ या फलाची शून्ये, म्हणजे ज्या किमतींना ते शून्य होते त्या, २ आणि ३ आहेत, हे आलेखावर दाखवताना मी ते दोन बिंदू पट्टीने जोडले होते. तुम्ही २.५ ही किंमत घालायला लावलीत, उत्तर −०.२५ आले आणि रेषा अक्षाच्या किंचित खाली वाकवावी लागली. तुमच्या पेन्सिलीचा ठिपका असलेला तो कागद अजून माझ्याकडे आहे.

बीजगणितात मी उत्तीर्ण झाले, ते तुमच्यामुळे. त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आम्ही आता घणसोलीला राहतो. मुलगा नववीत गेला आहे आणि परवा त्यानेही बेधडक क्षने भागले. रविवारी त्याला घेऊन येऊ का?

आपली नम्र,
दुसऱ्या मजल्यावरची विद्यार्थिनी