मिठाची बरणी

पुणे, रविवार रात्र

प्रिय वंदे,

चार महिने ना पत्र, ना फोन. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझा गुडघा बरा, आईची शुगर बरी. बाबा तसेच.

परवा ते झोपल्यावर नृत्यदिग्दर्शक काइल अब्राहमच्या ‘द रेडिओ शो’ या नाचाचे तुकडे बघत बसले. हा अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. तिथलं डब्ल्यूएएमओ, म्हणजे कृष्णवर्णीयांचं हक्काचं रेडिओ स्टेशन, २००९ मध्ये एका कॅथलिक संस्थेला विकलं गेलं आणि तो आवाज थांबला. इकडे त्याच्या वडिलांना अल्झायमर, वाचाघात. २०१० मध्ये त्याने दोन्ही एकाच नाचात आणलं. सोल, हिपहॉप, मध्येच नुसती खरखर. अंग बोलायला जातं आणि अडतं. बॅले कुठे संपतं नि रस्त्यावरचा नाच कुठे सुरू होतो, कळत नाही. (तू म्हणशील, ‘कथक सोडून हे कधीपासून?’ गप्प बस.)

मला रडू नाही आलं गं, हेवा वाटला. तीच तर बोच आहे. गेल्या आठवड्यात जेवताना बाबांना ‘मीठ’ शब्द सापडेना. नुसती दोन बोटं हवेत चोळत राहिले. मी मीठ वाढलं, आणि दुपारी क्लासमध्ये आरशासमोर तीच बोटं चोळत होते. तीनतालात बसवलीसुद्धा!

एफवायला तू आजीचं विसरणं एकांकिकेत घेतलंस, तेव्हा ‘घरचं दुखणं तिकीट लावून विकतेस’ असं म्हणाले होते ना मी? सहा महिने बोलली नाहीस. माझे दोनशे रुपये तर अजून दिले नाहीस.

अब्राहमचं ठीक आहे. त्याच्या बापाच्या मागे अख्खी वस्ती आहे. स्टेशन गेलं ते त्या सगळ्यांचं. तो त्यांच्याही वतीने आठवतो. माझ्याकडे काय, तर मीठ.

काल हॉलमध्ये तेच करत होते. बाबा दारात उभे. कधीपासून, कोण जाणे. बघितलं, आत गेले, आणि मिठाची बरणी घेऊन आले. माझ्या हातात दिली.

आता सांग, करू का हा नाच? तुझ्याशिवाय कोणाला विचारू?

फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिनूची दहावी यंदा ना? भाऊजींना नमस्कार. दोनशेचं विसरू नकोस.

तुझी,
नली