कारखान्यातला कोन परत जातो, टेबलावरचे पेन का नाही?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात मी बावीस वर्षे हिशेबाचे काम करतो आहे. टॉवेल-चादरीच्या या धंद्यात काहीही वाया जाऊ द्यायचे नाही, ही शिस्त मी कामगारांकडून शिकलो. सूत संपले तरी ते ज्यावर गुंडाळलेले असते तो कागदी कोन कोणी फेकत नाही. चांगले कोन पोत्यांत भरून पुन्हा विकले जातात, चेपलेले रद्दीत जाऊन त्यांच्या लगद्याचा पुठ्ठा होतो आणि तुटक्या धाग्यांच्या गुंत्याने यंत्रांवरचे तेल पुसले जाते. त्याच कारखान्याच्या कार्यालयात मात्र आम्ही सगळे शाई संपलेले पेन सरळ टोपलीत टाकत होतो. तिथून ते घंटागाडीत आणि घंटागाडीतून तुळजापूर रस्त्यावरच्या डेपोत जाते.

दिवाळीनंतर मी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा टेबलाजवळ ठेवला आणि संपलेली पेने त्यात टाकण्याची सर्वांना विनंती केली. आठ महिन्यांत दोनशेच्या आसपास पेने जमली. सुताच्या काट्यावर त्यांचे वजन सव्वा किलो भरले. भंगाराच्या दुकानात नेली तेव्हा दुकानदाराने मूठभर पेने उलटसुलट करून पाहिली आणि ‘यात मिक्स माल आहे, हा आमच्याकडे चालत नाही’ असे सांगून डबा परत केला.

त्यांचे म्हणणे खरेच होते. स्वस्त बॉलपेनाचे पारदर्शक नळकांडे बहुतेक वेळा पॉलिस्टायरिनचे असते, टोपण आणि रिफिलची नळी पॉलिप्रॉपिलीनची असते, आणि टोक धातूचे असून त्यातली बारीक गोळी टंगस्टन कार्बाइडची असते. ही दोन प्लास्टिके वितळवली तरी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे एकत्र गाळून केलेला दाणा (नव्या वस्तू ओतण्यासाठीचा प्लास्टिकचा कच्चा माल) ठिसूळ होतो आणि त्याला भाव मिळत नाही. पण त्यांना वेगळे करणे अवघड नाही. मी घरी पेने सुटी करून बादलीभर पाण्यात टाकली, तेव्हा नळकांडी तळाशी गेली आणि टोपणे वर तरंगत राहिली, कारण पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके आणि पॉलिस्टायरिन पाण्यापेक्षा किंचित जड असते. प्लास्टिकचा दाणा करणाऱ्या कारखान्यांतही मोठ्या टाक्यांत याच रीतीने माल निवडला जातो. शाई उरलेल्या रिफिली तेवढ्या बाजूला ठेवाव्या लागतात, नाहीतर ती शाई दाण्यात उतरून रंग बिघडवते. असा दाणा गडद रंगाच्या वस्तूंना चालतो. कपड्यांचे हँगर तर पॉलिस्टायरिनचे सर्रास बनतात, आणि शालेय गणवेश शिवणाऱ्या आपल्या शहराला हँगर किती लागतात हे वेगळे सांगायला नको.

अडचण आहे ती गोळा करण्याची. सव्वा किलो मालासाठी कोणी टेम्पो पाठवणार नाही. 2022 पासून उत्पादकांवर टाकलेली विस्तारित जबाबदारी, म्हणजे वापरून झालेल्या मालाची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी, प्लास्टिकच्या बाबतीत वेष्टनापुरती आहे. पेन हे वेष्टन नव्हे, त्यामुळे ते परत घेण्याचे बंधन त्यातून कोणावरही येत नाही. म्हणून ही गोष्ट शहरालाच जमवावी लागेल. जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका, न्यायालय, बँकांच्या शाखा, विद्यापीठ आणि महाविद्यालये यांनी प्रत्येकी एक डबा ठेवावा आणि महापालिकेने महिन्यातल्या ठरलेल्या एका दिवशी घंटागाडीवर त्यासाठी वेगळे पोते लावावे, एवढीच माझी मागणी आहे. निवडण्याचे काम कचरावेचक महिलांच्या बचत गटांना मजुरी ठरवून द्यावे. कोणता माल कशाचा आहे हे त्यांचे हात आमच्यापेक्षा लवकर ओळखतात. मजुरी न देता हे काम त्यांच्या गळ्यात घालण्यास माझा स्पष्ट विरोध राहील. सुरुवात दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांपासून करता येईल, कारण तिथे थोड्याच दिवसांत पुष्कळ पेने रिकामी होतात.

याबरोबरच कार्यालयांनी लेखनसाहित्याची खरेदी करताना रिफिल बदलता येणारीच पेने मागवावीत. आम्ही गेल्या खरेदीपासून तसे केले आहे आणि डबा आता पूर्वीपेक्षा सावकाश भरतो.

आपल्या वृत्तपत्राने हा विषय महापालिकेच्या घनकचरा विभागापर्यंत पोहोचवावा, ही विनंती. आमच्या कार्यालयातली नळकांडी, टोपणे आणि रिफिली तीन पिशव्यांत निवडून ठेवलेली आहेत. महापालिका ज्या दिवशी आणि जिथे सांगेल तिथे त्या मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक नियमित वाचक
साखर पेठ, सोलापूर