जोडाक्षर आधी कानाला कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिली-दुसरीच्या मुलांना शब्दारंभीचे जोडाक्षर शिकवताना आपण लगेच पाटीवर 'प्र' काढून दाखवतो. मात्र त्यातले 'प' आणि 'र' हे दोन ध्वनी मुलाच्या कानाला वेगळे जाणवले आहेत का, याची खात्री क्वचितच करून घेतो. माझी नात 'प्रसाद'ला 'परसाद' आणि 'स्टेशन'ला 'इस्टेशन' म्हणत असे, आणि लिहीतही तसेच असे. (एका ठिकाणी स्वर मध्ये घुसतो, दुसऱ्या ठिकाणी पुढे येतो; चूक एकच नव्हे.) तिला वही न देता 'पाणी-प्राणी', 'वास-श्वास', 'वर-स्वर' अशा जोड्या ऐकवल्या आणि जोडाक्षराच्या शब्दालाच टाळी वाजवायला सांगितले, तेव्हा फरक तिला चटकन उमगला.

लिहिण्याची अडचण त्यानंतरची. 'प्र'मधला 'र' तिरप्या रेघेत लपतो, 'ट्रक'मध्ये तो खाली काकपदासारखा (^ या खुणेसारखा) बसतो, आणि आपल्या श्री सिद्धेश्वरांच्या 'श्री'त तर 'श'सुद्धा ओळखू येत नाही. सोलापुरात अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते; त्या लिप्यांत बहुधा पहिले अक्षर पूर्ण राहून दुसरे त्याखाली जाते, तर मराठीत सहसा पहिलेच अर्धे होते. घरी आजी-आजोबा अभ्यास घेत असतील, तर शिक्षकांनी हा फरक त्यांनाही सांगावा. शाळांनी निदान पहिले काही आठवडे जोडाक्षरांचे शुद्धलेखन बाजूला ठेवून केवळ ऐकण्या-बोलण्याचा सराव घ्यावा, ही विनंती.

– एक आजोबा, सोलापूर