ताई, अर्ज आमच्याकडून लिहवून घेतल्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

कम्युनिटी फाउंडेशनचं मंजुरीपत्र आलं आणि सड्याखालच्या, म्हणजे कातळी पठाराखालच्या, झऱ्याच्या कामाला दोन हप्त्यांत पैसे मिळणार, हे तुम्हाला फोनवर कळवलंच. सत्कार नको, हार-नारळ नको, असं तुम्ही तेव्हाच बजावलंत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. दापोलीपासून खाली राजापूरपर्यंत आमच्यासारख्या छोट्या संस्था पुष्कळ आहेत. कामं चोख असतात, अर्ज मात्र कुणाकडून तरी पैसे देऊन लिहून घेतलेला असतो. तुम्ही आम्हाला अर्ज लिहून दिला नाहीत, आमच्याकडून लिहवून घेतलात. मला आभार मानायचे आहेत ते त्याचे.

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे काय, हे तुम्ही कार्यकारिणीला समजावलंत त्या दुपारची आठवण आमच्याकडे अजून निघते. १९१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने पहिलं असं फाउंडेशन काढलं. लोक मृत्युपत्रात पैसे एखाद्या कामासाठी बांधून ठेवत, काळ बदलला की ते काम उरत नसे आणि पैसा अडकून पडे. त्यावर त्याने तोड काढली: शहराचा एक सामायिक निधी, आणि आज गरज कशाची हे ठरवायला तिथल्याच नागरिकांची समिती. तुम्ही एवढं सांगितलंत आणि आमचे अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आपलं मुंबई मंडळच की!" तुम्ही हसून मान डोलावलीत. देवळाचं छप्पर, शाळेची खोली, व्हाळावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), सगळं मुंबईला नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं गाव आमचं. त्याला ही कल्पना परकी कशी वाटेल?

पण लगेच तुम्ही फरकही दाखवलात. मंडळाला कुणी कागद मागत नाही, कारण देणारा त्याच वाडीत वाढलेला असतो. फाउंडेशनमध्ये अर्ज वाचणाऱ्याने आपला सडा पाहिलेला नाही. चैतात बायका कुठल्या वाटेने हंडे घेऊन चढतात, हे त्याला कागदावरच दिसणार. "तुम्हाला जे माहीतच आहे, ते आधी लिहा," असं तुम्ही म्हणालात. पुढे महिनोन् महिने आम्ही तेच करत होतो.

तुमचा पहिला प्रश्न होता, झऱ्याला पाणी किती. आम्ही म्हणालो, पावसाळ्यात भरपूर, मे महिन्यात अगदी कमी. "कमी म्हणजे किती?" मग तुम्हीच वीस लिटरची बादली मागवलीत, मोबाईलचं घड्याळ लावलंत आणि वाडीतल्या दोघी सुनांना सांगितलंत की दर गुरुवारी सकाळी बादली भरायला किती वेळ लागतो ते वहीत मांडायचं. शंभर पानी साधी वही. त्यातल्या एकीचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण तिचे आकडे पाहा. जानेवारीत चाळीस सेकंद, मार्चमध्ये दीड मिनिट, मेच्या तिसऱ्या गुरुवारी चार मिनिटं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो जांभ्या दगडातून झिरपतो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतो. मेपर्यंत ही शिल्लक आटत जाते, हे आम्हाला ठाऊक होतं. पण वहीने त्यापुढचं दाखवलं. चार मिनिटांना वीस लिटर म्हणजे मिनिटाला पाच, दिवसरात्र मिळून ७,२०० लिटर. वाडीत माणसं १४०. माणशी पन्नास लिटरच्या वर पाणी ऐन मेमध्येही येत होतं, आणि जलजीवन मिशनचं मोजमाप माणशी ५५ लिटरचं. पाणी होतं! रात्रभर ते पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, वाहून जात होतं आणि पहाटे चारला बायका थेंबाथेंबाने हंडा भरत बसत होत्या.

बोअर मारायची की टँकर लावायचा, हा ग्रामसभेतला जुना वाद त्या दिवशी मिटला. झाकण असलेली साठवण टाकी, झऱ्याच्या तोंडाशी बांधकाम, वर सड्यावर पाणी मुरवायचे चर, एवढंच काम ठरलं. प्रस्ताव निम्म्या पैशांवर आला. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर ग्रामसभेने सुचवलेलं कामच छान भाषेत मांडून दिलं असतं आणि आम्ही तेच घेऊन गेलो असतो.

अर्जात एक रकाना होता, 'अपेक्षित परिणाम'. तिथे आम्ही लिहिलं होतं, टाकी बांधून पूर्ण होईल. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत. टाकी हे काम झालं, तिने कुणाचं काय बदलेल ते लिहा. मग वाडीतल्या बायकांना बसवून विचारलं. पाण्यात रोज किती वेळ जातो, तो वाचला तर काय कराल? एकीने सांगितलं, काजूच्या हंगामात पहाटे बागेत जाईन, बिया गुराढोरांच्या आधी माझ्या हाती लागतील. ते वाक्य जसंच्या तसं अर्जात गेलं. पाहणीला आलेल्या मॅडमनी सगळ्यांत आधी त्याच बाईला भेटायचं म्हटलं.

सातबाऱ्याचं तर काय सांगावं. झरा ज्या गटात आहे त्याच्या उताऱ्यावर इतकी नावं की पान पुरत नाही, आणि निम्मी माणसं विरार-नालासोपाऱ्याला. फाउंडेशनला जागेची लेखी संमती हवी होती. कोकणात अशी कितीतरी चांगली कामं याच एका कागदावर अडतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. तुम्ही सांगितलंत, गणपतीला सगळे येतील तेव्हा संमतीपत्र तयार ठेवा. आरती झाली की सह्या. तुम्ही स्वतः त्या घराच्या ओटीवर बसलात, एकेकाला वाचून दाखवलंत की मालकी कुणाची जात नाही, फक्त पाणी साठवायला जागा वापरायला मिळते. ज्या भावांचं आपसात बोलणं नव्हतं त्यांनीही एकाच कागदावर सह्या केल्या. ग्रामपंचायतीचा ठराव त्यामागोमाग सहज झाला.

अंदाजपत्रकाच्या दिवशी मात्र आपलं भांडण झालं. चिरे, सिमेंट, पाइप, गवंड्याची मजुरी एवढं मी लिहिलं होतं. समन्वयक मुलीचं मानधन आणि हिशेबनिसाचे पैसे लिहायला माझा हात धजत नव्हता, देणाऱ्याला वाटेल ही माणसं स्वतःसाठीच मागतात. तुम्ही ठाम राहिलात. ती मुलगी एसटी पकडून वाडीवर जाते, नोंदी तपासते, बिलं गोळा करते, तिच्याशिवाय हे काम होणार आहे का? नाही, तर ते खर्चातच लिहायचं. आणि गावाचं श्रमदान रोजगार हमीच्या दराने मोजून 'स्थानिक सहभाग' म्हणून मांडायचं. ते मोजलं तेव्हा गावाचा वाटा केवढा मोठा आहे हे आम्हालाही पहिल्यांदा कळलं. मंजुरी आली ती मानधनासकट. कामाच्या माणसाला मोल देणं हा तुमचा आग्रह मला आता मनापासून पटतो आणि इतर संस्थांनाही मी तेच सांगते.

बाकी कागदांचं थोडक्यात लिहिते, कारण पुष्कळजण विचारतात. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, विश्वस्त बदलले असतील तर त्याचा बदल अर्ज, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आयकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या, एनजीओ दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक, एवढं एका फायलीत लावून मगच अर्जाला बसा. १२ए-८०जीची नोंदणी २०२१ पासून मुदतीची झाली आहे, तारीख वहीत लिहून ठेवा. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर सीएसआर-१ हा फॉर्म वेगळा भरावा लागतो. आणि काहीही लिहिण्याआधी फाउंडेशनला फोन करून विचारा, आमचा तालुका तुमच्या क्षेत्रात येतो का. हा एक फोन तुम्ही आम्हाला सगळ्यात आधी करायला लावलात.

ताई, तुम्ही निवृत्तीनंतर माहेरी आलात ते विश्रांतीसाठी. त्या विश्रांतीतले किती दिवस आम्ही घेतले! एक कप चहा आणि आमच्या झाडाचे चार हापूस, यापलीकडे तुम्ही काही घेतलं नाहीत. प्रवासाचं भाडंसुद्धा परत केलंत. अर्जावर कुठेही तुमचं नाव नाही. म्हणून निदान या पत्रात सांगते, या कामामागे तुम्ही होतात.

पहिल्या हप्त्याचं वेगळं खातेपुस्तक सुरू केलं आहे, बिलं तारखेवार लावली आहेत. वही दोघी सुनांकडेच आहे आणि गुरुवार चुकलेला नाही. पलीकडच्या गावातल्या बचत गटाच्या बायका त्यांच्या विहिरीसाठी अर्ज करायचं म्हणतात. त्यांची पहिली बैठक आमच्या कार्यालयात ठेवली आहे. बादली-घड्याळाचं आम्ही शिकवू, त्यासाठी तुम्ही उन्हातून यायची गरज नाही. अंदाजपत्रकाला बसू त्या दिवशी मात्र या. त्यांचाही हात माझ्यासारखाच अडणार आहे.

तुमची,
संस्थेची सचिव
दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी