साठ हजार समोर आहेत, पण आत कसे येणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मांडवीतल्या कॅसिनोंमुळे नो-लिमिट पोकर आता आपल्याकडे अनोळखी नाही, पण तीन पत्तीची सवय तिथे नडते. समजा, १००-२०० ब्लाइंडचं (पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमांचं) टेबल, दोन खेळाडूंपुढे प्रत्येकी ६०,०००. एकाची हजाराची रेझ (वाढवलेली बेट), एकच कॉल (म्हणजे तेवढेच लावून बघणं), ब्लाइंडवाले बाहेर: पॉट, म्हणजे मधली जमा रक्कम, २,३००. फ्लॉप, टर्न, रिव्हर (टेबलावर सामायिक पत्ते उघडायचे तीन टप्पे) तिन्हींवर निम्म्या पॉटची बेट लावली, तर जेमतेम ८,०५० आत जातात. जवळजवळ ५१,००० तसेच पडून. हातात एक्के असतील तर फ्लॉपआधीच ४,०००ची री-रेझ करावी. कॉल आला की पॉट ८,३००. मग ६,०००, १४,६०० आणि ३५,४०० अशा तीन बेटींत सगळं आत. समोरचा इतकं बघेल का, हा वेगळा प्रश्न. कॉल करायची खोड असलेलाच बघतो.

मात्र शेवटची बेट सेट (हातातली जोडी आणि टेबलावर तसंच तिसरं पान) किंवा त्याहून वरचा हात असेल तरच. नुसती जोडी धरून ३५,४०० लावले, तर बघणारा बहुधा पुढेच असतो. बसायचं त्या कॉल करायची खोड असलेल्याच्या डावीकडे, म्हणजे बहुतेक हातांत तो आधी बोलतो. आणि स्वतः १०,००० घेऊन बसलात, तर त्याच्यापुढे लाख असले तरी तुम्हाला त्यांचा उपयोग काय?

– एक वाचक, पणजी