शालूला, जुम्ल्याच्या वाटेविषयी

फतेगंज, बडोदे
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय शालू,

सप्रेम सलाम.

नाताळच्या तुझ्या कार्डाला उत्तर गेले नाही, ईस्टरला तू फोन केलास तेव्हा मी काठमांडूच्या खोऱ्यात होते, आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत आले तरी गप्पच राहिले. याबद्दल तुला जे बोलायचे असेल ते आधी बोलून घे, मग पुढे वाच. माझी प्रकृती ठीक आहे, साखर औषधाने आटोक्यात आहे. गेल्या महिनाअखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात पाणी शिरले होते. ते ओसरले आणि गाद्याही वाळल्या. शहरात मगरी निघाल्याचे तू टीव्हीवर पाहिले असशीलच. आमच्याकडे मगर आली नाही. आमच्याकडे महिला मंडळ आले, त्याविषयी पुढे लिहिते.

हे पत्र एका बारा वर्षांच्या मुलीविषयी आहे. तिचे नाव लिहीत नाही, कारण त्या नावाने आधीच पुष्कळ कागद झाले आहेत. ती खोलीत सर्वांत लहान होती, म्हणून आपण तिला धाकटी म्हणू. तिची हकिगत मी पाळकसाहेबांना सांगून पाहिली, त्यांनी प्रार्थना केली. ताईला सांगून पाहिली, तिने ‘नेपाळ म्हणजे परदेश तरी कसला, व्हिसासुद्धा लागत नाही’ हे आपले जुने वाक्य ऐकवले. आता तू उरलीस.

काठमांडूशेजारच्या ललितपुरातले ते मुलींचे गृह, जिथे मी राहिले, ते वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तू लगेच फॅकल्टीतल्या आवाजात बोलायला लागशील. मुलींना पोटभर डाळभात मिळतो, कोणी हात उगारत नाही, शाळेची फी वेळेवर जाते, आणि गृह चालवणाऱ्या दीदी रात्री स्वतः दिवे मालवायला येतात. माझ्याकडे सकाळचे काम होते. अंधारात उठून पाणी तापवायचे आणि शाळेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीच्या दोन वेण्या लाल रिबिनीने वर बांधून द्यायच्या. एकीची वेणी होईपर्यंत पुढची माझ्या गुडघ्याला टेकून इंग्रजी कविता पाठ करत असे, आणि मोहरीच्या तेलाचा वास दिवसभर माझ्या बोटांना राहत असे. धाकटी मुद्दाम शेवटचा नंबर धरायची, कारण शेवटच्या वेणीला घाई नसते. त्या पाच मिनिटांत ती जे बोलायची ते बाकी दिवसभरात कोणाशी बोलत नसे. नेपाळात सुटी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारीच होते. रविवारी सकाळी सगळे गाव दप्तरे आणि डबे घेऊन निघालेले पाहून मला कितीतरी दिवस चुकल्याचुकल्यासारखे वाटत राहिले.

अधूनमधून स्वयंसेवकांचे जथे येत. कोरियाचे येत, अमेरिकेचे येत, एकदा आपल्याच बंगळूरचे आले होते. ते रंगपेट्या आणि फुगे आणत, मुली तेच स्वागतगीत म्हणत, एकेक पुढे होऊन इंग्रजीत आपले नाव, इयत्ता आणि आईवडील नसल्याचे सांगे, आणि आठ-दहा दिवसांनी मोठी रडारड होऊन त्यांची बस निघे. धाकटी रडत नसे. बस वळणावर दिसेनाशी झाली की ती टाचणी घेऊन उरलेले फुगे एकेक करून फोडत असे.

वैशाखातल्या एका दुपारी फाटकाशी एक माणूस आला. डोक्यावर ढाका टोपी, कपाळावर टिळा, पाठीवर खताचे जुने पोते आणि पोत्यात घरची सिमी, म्हणजे राजमा, आणि अक्रोड. दीदी बाहेर गेल्या होत्या. तो जुम्ल्याचा, म्हणजे पश्चिम नेपाळच्या डोंगरातल्या कर्णाली भागातला, हिवाळ्यात हिमाचलात ओझी वाहायला जातो, त्यामुळे त्याला मोडकेतोडके हिंदी येत होते, आणि बोलायला मी एकटीच होते. त्याने आपल्या मुलीचे नाव सांगितले, ते धाकटीचे. भागातल्याच एका ओळखीच्या माणसाने शाळेचे आणि वसतिगृहाचे आश्वासन देऊन तिला नेले होते, त्यासाठी वर पैसेही घेतले होते. सुरुवातीला तो माणूस खुशाली आणत असे, मग त्याचा फोन लागेनासा झाला. यंदा गावातल्या कोणाकडून तरी या घराचा पत्ता लागला, तेव्हा हा बसने निघाला.

मी कपाटातून तिची फाईल काढली. नेपाळी आपल्याच लिपीत लिहितात, त्यामुळे वाचून दाखवायला कोणी लागले नाही. दाखल झाल्याचे साल २०७४. (दचकू नकोस, तिथे विक्रम संवत चालते, सीमा ओलांडली की आपण एकदम छप्पन-सत्तावन्न वर्षांनी म्हाताऱ्या होतो, आणि तुला ते शोभेलही.) त्याखाली वडा कार्यालयाच्या, म्हणजे तिथल्या वॉर्ड ऑफिसच्या, शिक्क्याचे शिफारसपत्र होते आणि त्यात लिहिले होते की वडील मृत, आई बेपत्ता. शालू, ज्याच्या मरणाचा कागद माझ्या हातात होता तो समोर प्लास्टिकच्या खुर्चीत दोन्ही हातांनी चहाचा पेला धरून बसला होता. त्याला वाचता येत नव्हते. त्याने विचारले, ‘कागदात माझे नाव बरोबर लिहिले आहे ना?’ मी म्हणाले, नाव बरोबर आहे.

चार वाजता मुली शाळेतून आल्या. धाकटीने त्याला पाहिले आणि ती सरळ माझ्या मागे येऊन उभी राहिली. पुढे सगळ्या मधल्या खाण्याला बसल्या, तिने नेहमीप्रमाणे डोळे मिटून हात जोडले. त्याने तोवर एक अक्रोड दाताने फोडून गर तळहातावर काढला होता, आणि तिची प्रार्थना संपेपर्यंत तो हात तसाच पुढे धरून बसला. तिने डोळे उघडले, तो गर उचलला आणि मला आणून दिला.

त्याने ते पाहिले. त्याने माझ्याकडेही पाहिले. रागावला असता तर मला सोपे गेले असते.

कमाटीबागेत त्या संध्याकाळी तू मला नगरच्या बोर्डिंगच्या फाटकाची गोष्ट सांगितलीस, तुझे बाबा, त्यांचे भाकरीचे गाठोडे, आणि ‘हे कोण?’ या प्रश्नाला तू दिलेले उत्तर. ती मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही आणि इथेही पुरी लिहीत नाही. तो गर हातात घेऊन मी उभी होते तेव्हा तीच आठवत होती.

दीदी परतल्यावर त्यांनी ती फाईल पुन्हा वाचली, आणि त्या रात्री आम्ही दोघी बराच वेळ जाग्या होतो. त्यांनी तो कागद खरा मानूनच मुलीला घेतले होते, यावर माझा विश्वास आहे. पण एकेका कागदाचा हा प्रश्न नाही. १९९६ ते २००६ या काळात तिथे माओवाद्यांचे युद्ध चालू होते, तेव्हा कर्णालीकडच्या आईबापांनी मुलांना लढाईत ओढून नेतील या भीतीने मिळेल त्या माणसाबरोबर खाली धाडले. युद्ध संपले, पण तो रस्ता आणि ती माणसे राहिली. २०१५ च्या भूकंपानंतर परवानगीवाचून मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला बंदी घालावी लागली, यावरून काय ते समज. खेडी रिकामी होतात ती डोंगरात, आणि मुलांची गृहे उभी राहतात ती काठमांडू, ललितपूर, पोखरा, चितवनकडे. जिथे पाहुण्यांची विमाने उतरतात तिथेच अनाथ जास्त, असा तिथला भूगोल आहे. त्या घरांतल्या बहुतेक मुलांना आई किंवा बाप, कोणीतरी असतेच.

आता महिला मंडळाचे. आपल्या मंडळीतल्या काही कुटुंबांनी तिथल्या एकेका मुलीचा खर्च उचलला आहे आणि तिचा फोटो फ्रिजवर लावला आहे. यंदा नाताळच्या सुटीत तरुण संघाने तिकडे सेवेला जावे आणि मी त्यांना घेऊन जावे, असा ठराव घेऊन बायका आल्या होत्या. मी नको म्हटले. जी मुले रंगपेट्या घेऊन जाणार तीच जुम्ल्यातल्या एका घराला शाळेची फी आणि वह्यापुस्तके पुरवतील तर धाकटीसारख्या मुलीला घर सोडावे लागणार नाही, असे मी सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या डिसेंबरात बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेने होणारे नुकसान नोंदवले आहे, हेही वाचून दाखवले. संयुक्त राष्ट्रांचे नाव निघताच सेक्रेटरीबाईंनी चहा ठेवायला उठून सभा संपवली.

पाळकसाहेबांची हरकत वेगळी आणि जास्त गंभीर होती. ‘एका लेकराला प्रभूच्या घरातून काढून तुम्ही कुठे पाठवता?’ असे त्यांनी विचारले, आणि पंडिता रमाबाईंचे उदाहरण दिले. रमाबाईंचे नाव घेतले की आपल्यात वाद संपतो, पण मी वाढवला. १९०० च्या दुष्काळात त्यांनी गुजरातेतून मुली केडगावला नेल्या, त्या मुलींची घरेच दुष्काळाने उठली होती. धाकटीचा बाप अक्रोड घेऊन दारात आला आहे. आणि १८९३ साली पुण्यात त्यांच्याच शारदासदनातल्या मुली प्रार्थनेला बसतात असा गवगवा झाला तेव्हा पालक आपापल्या मुलींना घेऊन गेले, म्हणजे तिथेही मुलगी न्यायला येणारे कोणीतरी होते आणि त्यांना फाटकावर अडवता येत नव्हते. मी ख्रिस्ती आहे, मुलगी प्रार्थना करते याचा मला आनंद आहे. पण तिच्या प्रार्थनेची किंमत बापाने का द्यावी, याचे उत्तर पाळकसाहेबांनी दिले नाही. त्यांनी माझ्यासाठीही प्रार्थना केली.

तू आता हसत असशील. फॅकल्टीत असताना ‘तुम्ही दया करायला येता आणि फोटो काढून जाता’ असे तू मला सगळ्या वर्गासमोर म्हणाली होतीस आणि मी तुझ्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. त्या भांडणात तुझे निम्मेच बरोबर होते, हे माझे मत आजही कायम आहे. मी फोटो काढलेले नाहीत. पण कोणी सकाळी उठून तेल लावून वेणी घातली तर मुलगी त्याची होते, आणि ती झाली की दुसऱ्या कोणाची तरी कमी होते, हे मात्र तू तेव्हा बोलली नाहीस आणि मलाही दिसले नव्हते.

माझी खरी अडचण आता सांगते. बाप जाताना म्हणून गेला की दशैंला (म्हणजे तिकडच्या दसऱ्याला) तिला घरी धाडा, आई वाट पाहते. दीदींनी पालिकेच्या बालकल्याण अधिकाऱ्याकडे अर्ज केला आणि परवानगी मिळाली. सुटीपुरते जावे, मग पुढच्या वर्षी जुम्ल्यातल्याच खलंगाच्या शाळेत नाव घालून तिथेच राहावे, असा विचार आहे, आणि तो मला पूर्ण पटतो. पण धाकटी जायला तयार नाही. गेल्या शनिवारी फोनवर म्हणाली, ‘मिस, तुम्ही येणार असाल तरच जाईन.’ मी गेले तर ती तिथेही माझ्या मागे उभी राहील आणि आईलाही तेच पाहावे लागेल. नाही गेले तर ती ललितपुरातच राहील, आणि पुढच्या दशैंला बाप येईलच असे नाही. त्याला येण्याजाण्यात मजुरी बुडवावी लागते.

शिवाय टीक्याचे आहेच. दशैंला घरातले मोठे दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून धाकट्यांच्या कपाळी टीका लावतात, कानामागे जमरा, म्हणजे घटातले जवाचे पिवळे अंकुर, खोवतात आणि आशीर्वाद देतात. तिथले पुष्कळ ख्रिस्ती विश्वासी तो टीका घेत नाहीत. धाकटीने फोनवर हळूच विचारले, ‘बाबांनी लावला तर पाप लागेल का?’ मी म्हटले, बाबांचा हात डोक्यावर येतो तेव्हा मान खाली घालावी. पाळकसाहेबांना हे कळले तर पुढची प्रार्थना माझ्या नावाने उपासनेत होईल. तू लग्नानंतर सासूबाईंचे हळदीकुंकू घ्यायचीस आणि मी तुला नावे ठेवली होती, ते तू इथे उगाळणार हे मला माहीत आहे. उगाळ.

तर आता तुला एकच विचारायचे आहे. त्या मे महिन्याच्या सुटीत तू नगरहून घरी गेली नाहीस. बोर्डिंगच्या बाई तुला सोडायला निघाल्या होत्या, तू त्यांच्याबरोबरही गेली नाहीस. तेव्हा कोण बरोबर आले असते तर तू गेली असतीस? की कोणीच बरोबर नको होते? हे फोनवर विचारले की तू सुनेच्या बाळंतपणावर येतेस, म्हणून लिहून विचारते. (नातीचा फोटो पाहिला. नाक तुझे आहे, बिचारी. नव्या जागेचा ताबा मिळाला का? भावजींना दम्याचा त्रास आता कमी असेल अशी आशा करते.)

वाट अशी ठरवली आहे. अवध एक्सप्रेसने लखनौ, तिथून बहराइच, रुपईडिहाला सीमा ओलांडून नेपाळगंज. दीदींकडची एक मुलगी धाकटीला काठमांडूहून तिथवर आणून सोडेल आणि बापही तिथेच येईल. पुढे जुम्ल्याचे छोटे विमान हवा असेल तर उडते. नसेल तर सुर्खेतला जाऊन कर्णाली महामार्गाने २३२ किलोमीटर, आणि त्याला महामार्ग म्हणणाऱ्याला एकदा त्या बसमध्ये बसवले पाहिजे. घटस्थापनेच्या आधी नेपाळगंजला पोचायचे आहे.

तिकिटे मी दोन काढली आहेत. दुसरे तुझ्या नावावर आहे. तू बोरिवलीला चढ, मी बडोद्याला चढेन. वेटिंग आहे, पण कन्फर्म होईल असे एजंट म्हणतो. यायचे नसेल तर या आठवड्यात कळव, म्हणजे रद्द करताना पैसे कमी कापले जातील. आणि येणार असशील तर जाड स्वेटर आण, माझ्याकडे एकच आहे आणि तो मी तुला देणार नाही.

तुझी,
विमल